बांधून आणलेली सकाळ

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल गेरब्रांड वेसेलिंकला ज्याने त्याने एकच गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे त्यात काही नसतं. शेजारचा हार्म सकाळी डोळा करून आला आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर चढून पन्हाळीतला पाला काढत होता. हार्मची बायको रूली हिला तर आपलं ऑपरेशन होऊन गेलं हे घरी पोचल्यावरच कळलं, असं ती शपथेवर सांगे. गेरब्रांडची धाकटी बहीण यान्टिने हिने दोन्ही डोळे करून घेतले आणि भावाच्या बैठकीच्या खोलीत उभं राहून जाहीर केलं, "ही भिंत पांढरी आहे की! मी इतकी वर्षं तुझ्या आवडीला नावं ठेवत होते." नावं ठेवल्याबद्दल माफी वगैरे मागितली नाही. त्या घराण्यात तशी पद्धत नव्हती.

गेरब्रांडने डेव्हेंटरच्या नगरपालिकेत पुलांची तपासणी करण्यात हयात घालवली होती. "त्यात काही नसतं" असं म्हणून त्याने एकही पूल कधी सोडला नव्हता. स्वतःच्या उजव्या डोळ्याच्या बाबतीत मात्र त्याने लोकांचं ऐकलं. डावा डोळा लहानपणापासूनच आळशी होता, त्याच्यावर विसंबून कसलंच काम होण्यासारखं नव्हतं. म्हणजे सगळी भिस्त उजव्यावर, आणि तोच त्याने हसतहसत ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन ठेवला.

पहिले काही महिने छान गेले. मग एका सकाळी उठल्यावर त्याला खिडकीबाहेर दाट धुकं दिसलं. आयसेल नदी जवळ असल्यामुळे त्या गावात धुक्याचं कुणाला कौतुक नाही. तो बायकोला म्हणाला, "आज सायकल काढू नकोस, समोरचं काही दिसत नाहीये."

आलायडा खिडकीशी आली. "कुठाय धुकं? लख्ख ऊन पडलंय, गेरब्रांड."

ते धुकं त्याच्या डोळ्यातच होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत ते विरळ होई, दुपारी साफ जाई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. पुढे धुक्याच्या जोडीला दुखणं आलं. डोळ्यात कुणी मूठभर वाळू टाकून वर चोळतंय, असं पहाटे ठणकायला लागलं. फॅमिली डॉक्टरांनी त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे सांगितलं, "पॅरासिटामॉल घ्या आणि आठवडाभर बघा." बघायचंच तर जमत नाहीये, हे गेरब्रांडने त्यांना तीनतीनदा समजावलं तेव्हा कुठे मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळाली.

तिथल्या डॉक्टर ओस्टिंगनी डोळ्यात प्रकाश टाकून सगळं नीट उलगडून सांगितलं. डोळ्याच्या पुढच्या काचेला म्हणतात कॉर्निया. तिच्या आतल्या बाजूला पेशींचं एक पातळ अस्तर असतं आणि त्या पेशी दिवसरात्र काचेतलं पाणी उपसून बाहेर टाकत असतात. मोतीबिंदू काढताना कधीकधी त्या थकतात, मरतात. मग पाणी साचतं, काच सुजते, वर बारीक फोड येतात आणि ते फुटले की ठणका लागतो.

"थोडक्यात, तुमचे पंप बंद पडलेत," डॉक्टर म्हणाले.

गेरब्रांडला हे फार लागलं. समुद्राच्या पातळीखाली वसलेल्या ज्या देशात पंप बंद पडले तर निम्मी प्रजा गळ्याइतक्या पाण्यात उभी राहील, त्या देशातल्या नगरपालिकेच्या माणसाच्या डोळ्यातले पंप बंद पडावेत! कुठल्या तोंडाने हे जुन्या सहकाऱ्यांना सांगायचं, हेच त्याला समजेना.

उपाय तीन सांगितले. एक, कडक मिठाच्या पाण्याचे थेंब, जे डोळ्यातलं पाणी ओढून घेतात आणि टाकल्याबरोबर माणसाला पूर्वजांची आठवण करून देतात. दोन, फोडांवर पट्टी म्हणून एक मऊ लेन्स. तिसरा उपाय ऐकून गेरब्रांडला वाटलं, डॉक्टर आपली थट्टा करताहेत.

"सकाळी केस वाळवायचा ड्रायर घ्या. हात लांब धरून, कोमट वारा, डोळ्यावरून हळूहळू फिरवा. रात्रभर पापणी मिटलेली असते, त्यामुळे पाणी उडून जात नाही. ते असं उडवायचं."

गेरब्रांडच्या डोक्यावर गेली कित्येक वर्षं ड्रायर लावण्याजोगं काही नव्हतं. आता आलायडाचा गुलाबी ड्रायर घेऊन तो रोज सकाळी बसू लागला. वायर पुरेल असा प्लग फक्त पुढच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीशी होता. खिडकीला पडदे होते, पण ते ओढायचे कशाला? ओढले की लोक विचारणार, यांच्याकडे लपवण्यासारखं काय आहे. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येकाने, कुत्रं फिरवता फिरवता, हे पाहिलं की वेसेलिंक रोज सकाळी ओल्या डोळ्यांनी खिडकीत बसतो आणि ड्रायरने डोळे सुकवतो.

समोरच्या घरातल्या फोकेलिनबाई एक दिवस मागच्या दाराने आल्या. आल्या त्या सरळ खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आलायडा तुला सोडून चाललीय का?"

"कोण? कुठे?"

"हे बघ, मी स्पष्ट बोलणारी बाई आहे."

त्या गल्लीत अस्पष्ट बोलणारं कुणीच नव्हतं. गेरब्रांडने पेशी, पंप, मीठ, सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, त्याच्या हातावर थोपटलं आणि जाताना म्हणाल्या, "रडायला लाजू नये पुरुषांनी. तू अलीकडे वाळलास मात्र. आणि तो स्वेटर तुला अजिबात शोभत नाही."

मग सल्ले सुरू झाले. हार्मने कॅमोमाइल चहाच्या गार पुड्या डोळ्यावर ठेवायला सांगितल्या, कारण त्याच्या आईने सगळे रोग तशाच पुड्यांनी बरे केले होते. रूली म्हणाली, मिठाचे थेंब कशाला विकत घ्यायचे, समुद्रावर जाऊन डोळे उघडे ठेवून बुडी मार. यान्टिनेने फोनवर सांगितलं, की सगळं मनावर असतं, तिचं झालं तेव्हा तिने सूज येऊ दिली नाही.

धुक्यातल्या सकाळी निभावणं दिवसेंदिवस कठीण होत चाललं. गेरब्रांडने पत्रपेटीला नमस्कार केला. दुसऱ्याच्या कुत्र्याला नावाने हाक मारली. कळस झाला तो एका मंगळवारी. पाव घेऊन तो घरामागच्या बोळातून परतला, फाटक ढकललं, स्वयंपाकघरात शिरला, टेबलाशी बसला. त्या ओळीतली सगळी घरं एकाच साच्यातून काढलेली, विटांसकट. बायकोने पुढ्यात कॉफी ठेवली, बिस्किटांचा डबा उघडला, त्याने एक घेतलं. आज हवा बरी आहे वगैरे बोलणं झालं. मग डबा पुन्हा पुढे आला.

गेरब्रांडचा हात थबकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आलायडाने एका कॉफीबरोबर दुसरं बिस्किट कधी दिलेलं नव्हतं.

"रूली?" त्याने भीतभीत विचारलं.

"मी म्हटलं, बसू दे बिचाऱ्याला," रूली म्हणाली. "घरी काही बिनसलं असेल."

त्या दिवशी तो घरी येऊन नुसता बसून राहिला. मिठाचे थेंब, लेन्स, ड्रायर, सगळं करून धुकं आता दुपारच्या जेवणापर्यंत मुक्काम करत होतं. आपला हा एकच डोळा, आणि तो जाणार. ही भीती त्याने अजून कुणाला बोलून दाखवली नव्हती. आलायडाने ती न सांगता ओळखली आणि इस्पितळात फोन लावला.

आणि इथेच सगळं अडलं. अपॉइंटमेंट मिळे ती दुपारची. दुपारी गेरब्रांडचा डोळा शहाण्यासारखा वागे. तो तक्त्यावरची बारीक अक्षरं धडाधड वाचून दाखवी, कारण चाचणीत मुद्दाम चुकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मग कॉम्प्युटरमध्ये नोंद होई की दृष्टी उत्तम, ऑपरेशनची गरज नाही.

"आम्हाला सकाळची वेळ द्या," आलायडा फोनवर म्हणाली.

"सकाळी डॉक्टर ऑपरेशनं करतात. कॉर्नियाचे पेशंट दुपारी," पलीकडची मुलगी म्हणाली.

"पण त्याचा आजार सकाळचा आहे."

"असेल हो. आमचा विभाग दुपारचा आहे."

"मग त्याने दुपारी आजारी कसं पडायचं?"

"ते तुम्हाला डॉक्टरांनाच विचारावं लागेल. दुपारी."

आलायडाने फोन ठेवला आणि बराच वेळ भांडी घासली. ती मुळात कमी बोलणारी बाई. भांडी घासून झाल्यावर ती म्हणाली, "पापणी मिटलेली असली की पाणी उडत नाही, असंच म्हणाले ना डॉक्टर?"

"हो."

"मग पापणी उघडायचीच नाही."

पुढच्या अपॉइंटमेंटच्या दिवशी गेरब्रांड जागा झाला तो अंधारातच, कारण तो झोपेत असतानाच आलायडाने त्याच्या डोळ्यांवर निळ्या चौकड्यांचा स्वयंपाकघरातला टॉवेल बांधला होता. त्या टॉवेलासकट त्याने दात घासले, पाव खाल्ला, पँट चढवली. हार्मला नेमका तेव्हाच कुंपण कापायचा मुहूर्त सापडला.

"काय रे, लपाछपी?"

"इस्पितळात चाललोय," गेरब्रांड ताठ मानेने म्हणाला आणि ताठ मानेनेच फाटकावर आपटला.

बसमध्ये एका आजींनी त्याला जागा दिली आणि आलायडाला विचारलं, "जन्मापासून?" "नाही, सकाळपासून," आलायडा म्हणाली. टॉवेलाआड गेरब्रांडचे कान लाल झाले. नगरपालिकेतल्या निरोपसमारंभात महापौरांनी ज्याच्या दृष्टीचं कौतुक केलं होतं, तो हा माणूस.

डॉक्टर ओस्टिंगच्या खोलीत आलायडाने त्याला खुर्चीत बसवलं आणि टॉवेलाची गाठ धरून म्हणाली, "तुम्ही सकाळी भेटत नाही म्हणून मी याची सकाळ बांधून आणलीय. लवकर बघा, ती टिकत नाही."

डॉक्टरांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. तक्ता वाचायला सांगितल्यावर गेरब्रांडने प्रामाणिकपणे विचारलं, "कुठला तक्ता?" डॉक्टर म्हणाले, "हे मी आधी बघायला हवं होतं. पंप बदलावे लागतील."

ऑपरेशन असं, की मरणोत्तर नेत्रदान केलेल्या कुणाचं तरी ते पातळ अस्तर घ्यायचं, डोळ्यात सोडायचं आणि खालून हवेचा बुडबुडा भरायचा. बुडबुडा वर तरंगतो आणि अस्तराला काचेवर दाबून धरतो. त्यासाठी पेशंटने दोन दिवस उताणं, छताकडे बघत पडून राहायचं. "बाथरूमला जाण्यापुरतंच उठायचं. पहिला दीड दिवस तर डोकं उचलायचंच नाही असं समजा," डॉक्टर म्हणाले. "अस्तर सुटलं तर सगळी मेहनत वाया."

तारीख मिळाली. ऑपरेशन गेरब्रांडच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी होतं.

आलायडाने यान्टिनेला फोन करून सांगितलं, की यंदा वाढदिवस नको. पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. यान्टिने म्हणाली, "मला त्यानंतर मोकळा दिवस ऑक्टोबरमध्ये आहे. चुलतभावंडांचं तर त्याहून अवघड. त्याला पडूनच राहायचंय ना? मग राहू दे पडून. आम्ही बसू."

तेव्हा असं झालं, की जिना शिडीसारखा उभा असल्यामुळे गेरब्रांडचा पलंग खाली पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीशी लावला होता. त्यावर तो छातीवर हात जुळवून, नाक वर करून, निश्चल पडला होता. उजव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी होती. पलंगाभोवती गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे चांगल्या कपड्यांत, पेशंटला त्रास नको म्हणून हळू आवाजात बोलत, कॉफी पीत बसले होते. टेबलावर फुलं होती. पडदे अर्थातच उघडे होते.

गेरब्रांडला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याच्या वाट्याला छत आलं होतं. छताला एक तडा होता आणि त्याची रुंदी मोजता येत नाही याची त्याला चुटपुट लागून राहिली होती. आवाज मात्र सगळे ऐकू येत होते. येणारा प्रत्येक जण रिवाजाप्रमाणे गोलातल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन त्याचंही अभिनंदन करत होता, कारण वाढदिवस घरातल्या सगळ्यांचाच असतो. "अभिनंदन, भावाबद्दल." "अभिनंदन, नवऱ्याबद्दल." "अभिनंदन, शेजाऱ्याबद्दल."

मग मागचं दार वाजलं आणि फोकेलिनबाईंचा आवाज आला, पण हा आवाज वेगळाच होता, घशात अडकलेला.

"आलायडा, बाई गं... मी समोरून पाहिलं. मला एक शब्द कळवला नाहीस?"

"सगळं एकदम आलं हो," आलायडा म्हणाली. ती केक कापत होती.

"शांतपणे झालं ना सगळं?"

"वीस मिनिटांत. त्याला कळलंसुद्धा नाही."

गेरब्रांड गोंधळला. बाई ऑपरेशनबद्दल इतक्या हुंदके देऊन का विचारताहेत? तेवढ्यात यान्टिने उठली आणि तिने बाईंचा हात घट्ट धरून खणखणीत आवाजात म्हटलं, "अभिनंदन हं, शेजाऱ्याबद्दल!"

फोकेलिनबाईंनी हात झटकन सोडवून घेतला.

"काय माणसं आहात की कोण!" फोकेलिनबाई कडाडल्या. "तो थंडसुद्धा झाला नाही अजून, आणि अभिनंदन? केक?"

"कॉफी थंड झाली का?" गोलातून कुणीतरी काळजीने विचारलं.

गेरब्रांड बोलणार, इतक्यात खिडकीबाहेर बुटांचे आवाज आले, खाकरणं झालं, आणि त्याचं भजनी मंडळ गायला लागलं. म्हणजे गावातल्या पुरुषांचं गायकमंडळ, ज्यात तो निवृत्तीपासून खर्जात गात होता. फोकेलिनबाईंनी सकाळीच सगळ्यांना फोन केले होते. मंडळी टोप्या हातात घेऊन खिडकीशी उभी होती आणि दर अंत्यविधीला गायचं ते संथ स्तोत्र गात होती. गोलातल्या लोकांना वाटलं, वाढदिवसाला मंडळ आलं. म्हणून त्यांनी टाळ्या वाजवत वाढदिवसाचं गाणं धरलं. बाहेर माणसाला मातीत पोचवत होते आणि आत त्याला शंभर वर्षं आयुष्य देत होते.

गेरब्रांड आढ्याकडे बघत पडून होता. हे सगळं कुणासाठी चाललंय याचा उलगडा त्याला हळूहळू झाला, आणि आधी त्याला भयंकर राग आला. मग एकदम वाटलं, अरे, कुणीतरी गेलंच आहे की. आपल्या डोळ्यात आत्ता ज्याचं अस्तर चिकटतंय तो माणूस. की बाई असेल? नाव नाही, गाव नाही. त्याला आभार कुणाचे आणि कसे मानायचे, कालपासून सुचत नव्हतं. बाहेर दुसरं कडवं सुरू झालं, खर्जाची बाजू नेहमीप्रमाणे लंगडी पडत होती, आणि गेरब्रांडने पडल्या पडल्या, मनापासून, आपला सूर लावला.

फोकेलिनबाई किंचाळल्या. बाहेरचं गाणं बंद पडलं.

"जिवंत आहे!" बाई ओरडल्या, आणि त्यानंतर जे झालं ते निखळ प्रेमापोटी झालं. त्यांनी पलंगाकडे झेप घेतली, गेरब्रांडच्या मानेखाली हात घातला आणि त्याला छातीशी धरायला उचलू लागल्या. उशीवरून त्याचं डोकं सुटलं. गेला डोळा.

"हात काढा!"

हा आवाज कुणाचा, हे गेरब्रांडला पटकन कळलं नाही. लग्नानंतर त्याने तो कधी ऐकला नव्हता. आलायडाने केकची सुरी फेकली, खुर्च्यांच्या गोलातून वाट काढली आणि त्याच्या कपाळावर तळहात ठेवून डोकं उशीत परत दाबलं.

"कुणी हात लावायचा नाही. रडायचं असेल तर लांबून रडा, हसायचं असेल तर लांबून हसा. या डोळ्याला काही झालं तर एकेकाला बघून घेईन."

यान्टिनेसुद्धा खाली बसली. मंडळ आत आलं, टोप्या टेबलाखाली गेल्या, आणखी कॉफी झाली. फोकेलिनबाई एका कोपऱ्यात हुंदके देत केक खात राहिल्या आणि म्हणत राहिल्या, की कुणीही हेच समजलं असतं. आलायडाने मात्र त्यानंतर पाहुणे जाईपर्यंत कपाळावरचा हात उचलला नाही. दुसऱ्या हाताने ती बशा पुढे करत होती.

रात्रभर गेरब्रांड अस्तराचा विचार करत पडून राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ओस्टिंगनी डोळ्यात प्रकाश टाकला. दिव्याची दिशा बदलून पुन्हा बघितलं. आलायडाने गेरब्रांडची बाही मुठीत धरली.

"चिकटलंय," डॉक्टर म्हणाले. "अगदी कडेपर्यंत. उत्तम पडून राहिलात तुम्ही."

"मी एकटा नव्हतो," गेरब्रांड म्हणाला.

पुढे आठवडे गेले. बुडबुडा विरला, ठणका कधी थांबला ते कळलंही नाही, धुकं रोज थोडं आधी उठू लागलं. आणि एका सकाळी गेरब्रांड दाढी करायला आरशासमोर उभा राहिला आणि त्याला आरशात सगळं दिसलं.

तो तसाच, फेस न लावता, स्वयंपाकघरात आला.

"आलायडा, हे काय आहे?" त्याने जबड्याची डावी बाजू तिच्यापुढे केली. तिथे कानापासून गळ्यापर्यंत, दाढी करताना राहून गेलेल्या पांढऱ्या केसांचं एक अख्खं रान माजलं होतं. "हे किती दिवस आहे?"

तिने निरखून पाहिलं. "वर्ष झालं असेल. कधी कमी, कधी जास्त."

"वर्ष! आणि मी असा सगळीकडे फिरत होतो? फोकेलिनबाईंनी पाहिलं असेल. यान्टिनेने पाहिलं असेल. माझा स्वेटर शोभत नाही, मी वाळलो, माझी भिंत वाईट, हे सगळं सगळ्यांनी तोंडावर सांगितलं. मग हे एकानेही कसं सांगितलं नाही?"

"मी घरोघरी जाऊन सांगितलं होतं, कुणी बोलायचं नाही म्हणून," आलायडा म्हणाली.

"का?"

ती पावाला लोणी लावत होती. सुरी थांबली.

"सांगितलं असतं, तर आपल्याला किती कमी दिसतंय ते तुला कळलं असतं."

सकाळची वेळ होती, आणि तिच्या डोळ्यात पाणी आलेलं त्याला स्वच्छ दिसत होतं.